सूश: डोंगर पोखरून केलेलं म्युझियम

स्वित्झर्लंडला जाऊन आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "युंगफ्राऊ केलंत का?" ते बर्फाळ शिखर केलं, पण मला ओढ होती एंगाडिन खोऱ्यातल्या सूश गावच्या कलासंग्रहालयाची. झुरिकहून लांडक्वार्टला गाडी बदलली, क्लोस्टर्सनंतर १९ किलोमीटरचा फेराइना बोगदा पार केला आणि साल्याइन्सला उतरलो. हे स्टेशन फक्त गाडी बदलण्यापुरतं आहे, बाहेर पडायला रस्ताच नाही! पुढचं स्टेशन सूश.

फ्लुएला घाटाच्या पायथ्याशी, इन नदीकाठी वसलेलं हे खेडं. स्पेनमधल्या सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थस्थळाला निघालेले यात्रेकरू पूर्वी इथूनच जात. १२व्या शतकात इथे मठ झाला, आणि १९व्या शतकात त्याच आवारात बिअरची भट्टी. आपल्याकडे मठात बिअर म्हटलं तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघेल; युरोपात मठवासी स्वतःच बिअर करत आले आहेत. पुढे हे सगळं ओस पडलं. मग पोलंडच्या उद्योजिका आणि कलासंग्राहक ग्राझिना कुल्चिक यांनी ही जागा घेतली. पोलंडमधल्याच पोझ्नान शहरातल्या जुन्या बिअर कारखान्याचं दुकानं आणि कलादालनांचं संकुल त्यांनी आधीच केलं होतं, त्यामुळे भट्ट्यांची त्यांना सवय असावी. चास्पर श्मिडलिन आणि लुकास फेल्मी या वास्तुविशारदांनी काम केलं आणि जानेवारी २०१९ मध्ये म्युझियम उघडलं. इथे भर स्त्री कलावंतांवर आहे.

बाहेरून काही कळत नाही. पांढऱ्या गिलाव्याच्या जाड भिंती, खोल बसवलेल्या लहान खिडक्या. शेजारच्या घरांसारखंच घर. नवीन जागा हवी होती ती त्यांनी डोंगरात शोधली. सुमारे ९,००० टन खडक फोडून काढला, पण गावाचा चेहरा तसाच ठेवला. मला हा निर्णय फार आवडला.

खाली उतरलं की एका बाजूला गुळगुळीत भिंत, दुसऱ्या बाजूला उघडा काळा कातळ. तो ओला असतो. मी हळूच बोट लावून पाहिलं, गार पाणी. ते लपवायला पत्रा नाही, प्लास्टर नाही. पोलिश शिल्पकार मिरोस्वाफ बाउका यांचं काम अशाच गुहेसारख्या जागेत आहे: आरशासारखा लखलखीत पोलादी नळकांडा, संथपणे फिरत राहणारा. त्यात कातळ वाकडा होतो, आपण लांबुडके होतो, सरकत जाऊन नाहीसे होतो. ग्रीक पुराणकथेतल्या, स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिससवरून त्याचं नाव आहे. नवऱ्याने त्यात भांग नीट केला, म्हणजे त्याच्यापुरता विषय पोहोचला.

भट्टीच्या जुन्या थंडाव्याच्या मनोऱ्यात पोलिश कलाकार मोनिका सोस्नोव्स्का यांचा जिना टांगलाय. १४ मीटर उंच, पिळवटलेला, कुठेच न जाणारा. खालून मान वर करून पाहताना पोटात गोळा येतो. तो इथे आणून ठेवलेला वाटतच नाही, इतका त्या मनोऱ्याचा झालाय.

बदलत्या प्रदर्शनांच्या वरच्या खोल्यांत मात्र मी फार रमले नाही. खोल्या सुबक आहेत, पण खालचा कातळ पाहून आल्यावर चौकटीतलं चित्र बिचारं फिकं पडतं. जमलं तर आधी वरचं बघा, मग खाली उतरा. आणि म्युझियम रोज उघडं नसतं, तेव्हा तिकीट काढण्याआधी वार तपासा. स्वेटर जवळ ठेवा.