बोट पाचला सुटते

परवा दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसून झाला आणि आमच्या ह्यांनी टेबलावर एक पाठकोरा कागद ठेवला. वर मधोमध 'पोर्ट लुई' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावून माझ्याकडे बघितलं. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एक कागद आणि दोन रेघा मिळाल्या की त्याची दुपार कुठे जाते ते कळत नाही.

लेक-जावई डर्बनला असतात. जानेवारीत आम्ही जाणार म्हटल्यावर तिने परस्पर क्रूझची तिकिटं काढून टाकली. डर्बनहून निघायचं, चार दिवस नुसतं पाणी बघायचं, मग मॉरिशस, की परत पाणी. पोर्ट लुई ही मॉरिशसची राजधानी. तिथे बोट सकाळी आठला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार. मधला वेळ आपला. त्याचं काय करायचं ते "बाबा, तुम्ही ठरवा" असं सांगून लेक मोकळी झाली. तिला ठाऊक आहे, बाबा ठरवतात आणि आई खोडते.

आठ ते पाच म्हणजे नऊ तास, असं तुम्हाआम्हाला वाटतं. ह्यांनी आधी वजाबाकी केली. बोट धक्क्याला लागणं, कागदपत्रं, जिन्यावरची रांग, यात एक तास गेला. बंदरातून गावात जायला अर्धा तास. परतायला तोच अर्धा. शेवटचा माणूस साडेचारला आत हवा, म्हणजे आपण साडेतीनलाच आत हवं (हे माझं). जेवायला एक तास. आता उरले किती? साडेचार म्हणा. त्यात अख्खा देश बघायचा.

मग घड्याळांचा घोळ निघाला. मॉरिशस डर्बनच्या दोन तास पुढे आणि आपल्या दीड तास मागे. बोटीवर बोटीचंच घड्याळ खरं, असं लेक म्हणाली. बहुतेकदा ते बंदराशी जुळवून घेतात, पण गृहीत धरायचं नाही. फोनचं काय, किनारा दिसला की तो आपणहून काटे फिरवतो. म्हणजे एकाच दुपारी माझ्या मनगटावर एक वेळ, पर्समध्ये दुसरी आणि पोटात तिसरी. ह्यांनी तोडगा काढला की हातातलं घड्याळ बोटीला लावायचं आणि दिवसभर फोनकडे ढुंकून बघायचं नाही. कागदाच्या कोपऱ्यात चौकट करून तसं लिहूनही टाकलं.

त्यात लेकीने एक व्हिडिओ पाठवला. हा कुठल्याशा भलत्याच बंदरातला. बोटीचा जिना वर घेतलाय, दोर सुटतायत आणि एक जोडपं दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धक्क्यावरून धावतंय. बाईच्या एका पायात चप्पल नाही. आणि वर कठड्याला रेलून उभे असलेले शेकडो लोक टाळ्या वाजवतायत. मला ते बघवेना. हे मात्र परत परत बघून पिशव्यांत काय असेल त्याचा अंदाज करत होते. बोट गेली तर पुढच्या बंदरावर आपल्या खर्चाने जाऊन ती गाठायची, असा नियम. आमचं पुढचं बंदर चार दिवसांवरचं डर्बन.

आता मूळ दुखणं सांगते. मी कुठल्याही थांब्यावर उतरत नाही. एसटी दहा मिनिटं थांबो की वीस, मी खिडकीला. अगदीच नाइलाज झाला तर उतरते, पण ड्रायव्हरवरची नजर काढत नाही. ड्रायव्हर-कंडक्टर चहा पितायत तोवर गाडी कुठे जात नाही, हे साधं शास्त्र आहे. त्यांनी कप ठेवला की आपण पायरीवर. बोटीचा कप्तान कुठे चहा पितो हे आधी विचारून ठेवा, असं मी ह्यांना म्हटलं. ते त्यांनी कागदावर घेतलं नाही.

हे कर्जतपासूनचं आहे.

दादरहून पुण्याला जाणारी पॅसेंजर. मी सात वर्षांची असेन. कर्जतला गाडीला मागून इंजिनं लावतात, घाट चढायला. त्याला काही मिनिटं लागतात आणि त्या मिनिटांत सगळा डबा वड्यांसाठी खाली उतरतो. आई दरवेळी म्हणायची, "खिडकीशी येतोच की विकायला." आणि बाबा दरवेळी म्हणायचे, "खिडकीवरचे गार असतात." त्या दिवशीही ते उतरले. चौकटीचा बुशशर्ट, पायात कोल्हापुरी. खिडकीच्या गजांतून मला ते दिसत होते, गर्दीत हात उंच करून उभे. मग मागून धक्का बसला. ज्यांनी तो खाल्लाय त्यांना माहीत आहे, आधी लांबून एक धडधड डब्याडब्यातून पुढे येते आणि मग आपण सगळे एकदम हलतो. आईने ट्रंकेवरचा हात काढून माझं मनगट धरलं. गाडी सुटली. बाबा दिसेनात.

तेव्हाच्या पॅसेंजरला एका डब्यातून दुसऱ्यात जायची सोय नव्हती. म्हणजे ते चढले असतील तर कुठल्यातरी मागच्या डब्यात, आणि नसतील तर कर्जतच्या फलाटावर. दोन्हीपैकी काय, ते लोणावळ्याशिवाय कळणार नव्हतं. बोगदे आले. एरवी मी बोगद्यात ओरडायचे, सगळीच मुलं ओरडतात. त्या दिवशी गप्प होते. समोरच्या आजोबांनी खिडकीबाहेर हात करून "धबधबा बघ, बाळ" म्हटलं. मी बघितला नाही. आईने पिशवीतून पर्स काढली, पैसे मोजले, परत ठेवली, परत काढून मोजले. तिचे ओठ हलत होते. रामरक्षा असेल किंवा हिशोब.

लोणावळ्याला गाडी थांबली न थांबली तोच बाबा दारात. हातात वर्तमानपत्राचा पुडा, तेलाने आरपार झालेला. "मागच्या डब्यात जागा छान होती," म्हणाले. वडे गार होते. लसणीच्या सुक्या चटणीची पुडी दाबून फुटली होती आणि बुशशर्टचा खिसा लाल झाला होता. आई थेट शिवाजीनगर येईपर्यंत बोलली नाही. मी एक वडा खाल्ला, तो गार वडा मला अजून आठवतो आणि तो चांगला होता, हे सांगितलं नाही तर बाबांवर अन्याय होईल.

तर अशा बाईला नऊ तासांसाठी बेटावर उतरवायचं आहे.

ह्यांनी लिहिलेल्या यादीत आधी होता शामारेलचा सात रंगांच्या मातीचा डोंगर. तो बेटाच्या पार नैऋत्येला. खोडला. मग गंगा तलाव, वर डोंगरात, तिथे १०८ फुटी महादेव उभा आहे. "देवाला नाही म्हणू नये," हे म्हणाले. मी म्हटलं, नाही म्हणत नाही, इथूनच नमस्कार करते. खोडला. डोडो पक्ष्याचा सांगाडा गावातल्याच म्युझियममध्ये आहे, पण मेलेल्या पक्ष्यासाठी इतक्या लांब जायचं माझ्या जिवावर आलं. पाम्प्लमूसची बाग जवळ, अकराबारा किलोमीटरवर. तिथे तळ्यात परातीएवढी, चांगली कड उचललेली कमळाची पानं असतात, आणि एक ताड असा की आयुष्यात एकदाच फुलतो, तोही कित्येक दशकांनी, आणि मग मरतो. तो नेमका त्या दिवशी फुललेला असेल या आशेवर हे बागेला अडून बसले. बागेपुढे प्रश्नचिन्ह.

टपाल तिकिटांवर मात्र खरं भांडण झालं. ह्यांचा शाळेतला अल्बम अजून माळ्यावर आहे. १८४७ सालची मॉरिशसची दोन तिकिटं, एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेनीचं निळं, 'पोस्ट ऑफिस' छापलेली, जगातल्या अतिदुर्मिळ तिकिटांपैकी. ती पोर्ट लुईलाच धक्क्याजवळच्या म्युझियममध्ये ठेवली आहेत. फक्त उजेडाने रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवर तासातून थोडीच मिनिटं दिवा लावतात, बाकी वेळ नकला बघायच्या. आता मला सांगा, आधीच तीन घड्याळं, त्यात हा चौथा दिवा. त्या मिनिटांभोवती ह्यांनी अख्खा दिवस परत मांडला. पेन्सिलीला टोक केलं. मी उठून चहा टाकला.

बाजार दोघांनाही मान्य. सेंट्रल मार्केटपाशी ढोलपुरी मिळते. शिजवून वाटलेली डाळ भरलेली पातळ पोळी, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची पातळ भाजी, टोमॅटोचा रस्सा, चटणी, आणि कागदात गुंडाळून दोनदोन देतात. म्हणजे पुरणपोळीतला गूळ काढून घेतला आणि तिला कामाला लावलं, असं ह्यांचं वर्णन. डाळ वाटून मिरची घालून केलेले वडेही असतात. वडे म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी आणतो, तू धक्क्याच्या बाजूला तोंड करून उभी राहा," म्हणाले. तिकडचं सरबत म्हणजे आपल्या फालुद्याचाच मावसभाऊ, सब्जा घातलेला.

चहात साखर घालताना मला एकदम 'मोरस' आठवलं.

माझी आजी रत्नागिरीकडची. तिच्याकडे गूळ म्हणजे गूळ, आणि साखर म्हणजे मोरस. पाव्हणे आले की म्हणायची, "मोरसीचा चहा टाक गो." फडताळात वरच्या फळीवर पत्र्याचा डबा असायचा, झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागे. मला वाटायचं साखरेच्या पोत्यावर मोराचं चित्र असणार, म्हणून मोरस. ते पोतं बघायची माझी फार इच्छा होती. कॉलेजात असताना जाड शब्दकोशात एकदा सापडलं, मोरस म्हणजे मॉरिशसची साखर. आजी तेव्हा नव्हती. तिला मॉरिशस कुठे आहे ठाऊक असेल असं वाटत नाही, पण तिच्या फडताळात ते होतं.

आणि ती साखर पिकवायला गेलेली माणसंही थोडीफार तिच्याच मुलखातली. उत्तरेकडचे कलकत्त्याहून गेले, दक्षिणेकडचे मद्रासहून, आणि आपले मुंबईहून. त्यांत कोकणातले बरेच. तिथली मराठी माणसं अजून गणपती बसवतात, चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्यांच्या आडनावांत कुणाच्यातरी खापरपणजोबांचं पहिलं नाव अडकलेलं असतं, कारण उतरल्यावर कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं आणि तेच घराण्याला चिकटलं. आमच्यातलं कुणी गेलं होतं का, माहीत नाही. आजीला विचारता आलं असतं. तेव्हा मी मोराच्या नादात होते.

चहा घेऊन आले तर यादीत एक नवी ओळ होती. आप्रवासी घाट, बंदराच्या काठालाच. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसं या वाटेने बेटावर शिरली. २ नोव्हेंबरला पहिली बोट लागली, तो दिवस अजून तिथे पाळतात. जागतिक वारशात २००६ साली नाव गेलं. समुद्रातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, सोळा. बोटीतून उतरायचं, त्या चढायच्या, वर आवारात एकदोन दिवस ठेवायचे, नाव-गाव लिहून घ्यायचे, पुढे पुढे फोटोही काढायचे, आणि मग ज्या मळ्यावर धाडतील तिकडे. करार पाच वर्षांचा.

"सोळाच पायऱ्या आहेत," हे म्हणाले. "अर्धा तास धरू?"

"धरा," म्हटलं मी.

त्यांनी लिहिलं, '९.३० ते १०.००, घाट'. पुढे बाण काढून तिकिटांच्या दिव्याची वेळ. बरोबर बसलं म्हणून खूश झाले आणि बशीत चहा ओतला.

मी कागद माझ्याकडे ओढला. त्या सोळा पायऱ्या चढताना कुणी मागे वळून बोटीकडे बघत असेल का, एवढंच मला वाटत होतं. ड्रायव्हरवर नजर ठेवतात तसं. पाच वर्षं म्हणजे किती मोठा थांबा, हे त्यांना कुणी नीट सांगितलं होतं का? बहुतेक जणांची गाडी चुकली. ती चुकली असंही म्हणता येणार नाही, काहींनी तिथेच घर केलं, पोरं झाली, गणपती बसला. मला कर्जतचा तो बुशशर्ट दिसत होता, हात उंच केलेला.

खोडरबर घेतलं आणि 'अर्धा तास' खोडला. त्या जागी किती लिहावं ते मात्र सुचेना. पेन्सिल धरून बसले होते तेवढ्यात बेल वाजली. इस्त्रीवाला होता, आणि ह्यांचा निळा शर्ट त्याने आजही आणला नव्हता.