कालनिर्णयावरच्या रेघा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, दापोली तालुक्यात काम करते. 2023 साली शहरातल्या एका संशोधक गटाने ऑटिस्टिक व्यक्तींच्या झोपेवर अभ्यास सुरू केला. त्यांची प्रश्नावली मराठीत आणायची आणि आमच्या किनारपट्टीवरच्या घरांतून भरून आणायची, एवढं काम माझ्याकडे होतं. ‘घरांतून’ म्हणजे आईवडिलांकडून. फॉर्मवर उत्तरं पालकांची आणि संमतीपत्रावर सहीही पालकांची. ज्याच्या झोपेबद्दल विचारायचं तो सत्तावीस वर्षांचा असला तरी त्याच्या सहीला जागाच नव्हती. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, आणि याचं आजही वाईट वाटतं.

ऑक्टोबरातली दुपार होती. हर्णै बंदराच्या वरच्या अंगाला, चिंचोळ्या गल्लीत घर. मुलगा पडवीत फाटकी जाळी सांधत बसला होता. त्याच्या हाताला हे काम फार सुरेख येतं, आसपासचे बोटवालेही जाळी त्याच्याकडेच टाकतात. बोलतो अगदी मोजकं. लिहितो मात्र स्वच्छ. मी काकींना, म्हणजे त्याच्या आईला, प्रश्न वाचून दाखवू लागले. रात्री जागा होतो का? नेहमी. येरझारा घालतो का? नेहमी. कान झाकून बसतो का? नेहमी. बेरीज केली तर थेट ‘तीव्र समस्या’च्या रकान्यात. त्या रकान्यापुढे सल्ला छापलेला होता: झोपेआधीची दिनचर्या शिकवा, वर्तन-प्रशिक्षण द्या.

तो उठून आत आला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि समासात लिहिलं, ‘झोप चांगली आहे. पत्रा वाईट आहे.’

काकी म्हणाल्या, “त्याचा काय मनावर घेऊ नको बाय. जून-जुलैत बंदर बंद असतं, लिलाव नसतो, म्हणून तो बिथरतो.” त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, संध्याकाळचा लिलाव बंद पडतो, आणि ज्याचा दिवस लिलावाच्या वेळेवर लावलेला आहे त्याला ते जड जाणारच. मीही मान डोलावली.

त्याने मान डोलावली नाही. भिंतीवर एका खिळ्याला चार वर्षांची कालनिर्णयं एकावर एक टांगलेली होती. ती उतरवून त्याने माझ्यासमोर जमिनीवर मांडली. चौकोनांत पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. “आपल्या रेघा मारीत असतो,” काकी म्हणाल्या. एक रेघ म्हणजे न झोपलेली एक रात्र, हे त्याने मला बोटाने दाखवलं, मग लिहून दिलं.

पहिली रेघ 2020च्या जूनमधली. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडात माडपोफळी आडव्या झाल्या, घरांची कौलं उडाली. या घराचीही उडाली आणि त्यांच्या जागी पत्रे आले. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. कौलावरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस यांतला फरक कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. पण ज्याच्या कानात प्रत्येक थेंब सुटा वाजतो, त्याची रात्र कशी जात असेल?

मी दोन ऑगस्ट शेजारी ठेवले. दोन्ही वेळा बंदर सुरू, लिलाव सुरू. 2022चा ऑगस्ट रेघांनी भरलेला. 2023चा जवळजवळ कोरा, आणि त्या ऑगस्टात पावसाने दडी मारली होती हे सगळ्यांच्याच लक्षात होतं. म्हणजे लिलावाचं कारण टिकत नव्हतं. पुढे 2022च्याच जुलैत सलग पाच चौकोन कोरे दिसले. काकी वाकून बघत होत्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, “हे पाच दिवस मामाकडे होता.” मामाचं घर कौलारू.

चार वर्षांची नोंद, कारणासकट, ताडून पाहायच्या सोयीसकट. आणि ती ज्याने ठेवली त्याला आमच्या फॉर्मने एकही प्रश्न विचारला नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने 2012मध्ये मांडलेलं मी आधी वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. त्याचं म्हणणं असं की समजुतीची दरी दोन्ही बाजूंनी असते. ऑटिस्टिक माणसांना आपलं कळत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्यालाही त्यांचं कळत नसतं. ऑटिझमसाठीचा आपला ‘स्वमग्नता’ हा मराठी शब्दसुद्धा बाहेरून बघणाऱ्याचाच आहे. समोरचा आपल्यात मग्न आहे असं ठरलं, की त्याला विचारायचं राहूनच जातं. मी तो शब्द वापरणं सोडलं.

गटाला सगळं कळवलं. उत्तर आलं, प्रमाणित प्रश्नावलीत शब्दही बदलता येत नाही, बदलला तर आकड्यांची तुलना होत नाही. हे खरंच आहे. पण अमेरिकेत 2006पासून आस्पायर नावाच्या गटात ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक संशोधक बरोबरीने काम करतात आणि प्रश्नावल्यांतले मोघम शब्द मिळून दुरुस्त करतात. ब्रिटनमध्ये 2014 साली एलिझाबेथ पेलिकानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की संशोधनाचा पैसा मुख्यतः मेंदू आणि जनुकांच्या अभ्यासाकडे जातो, तर ऑटिस्टिक लोकांना आणि घरच्यांना रोजच्या जगण्याबद्दलचं संशोधन जास्त हवं असतं. पत्रा ही रोजच्या जगण्यातलीच गोष्ट. मी हे सगळं लिहून पुन्हा पाठवलं. दोन महिने लागले, पण गट तयार झाला. मूळ प्रश्नावली तशीच, सोबत एक जोडपत्र, आणि ते जोडपत्र आधी ऑटिस्टिक प्रौढांनी तपासायचं, मानधन घेऊन. संमतीपत्रावर त्यांच्या सहीची ओळ आली.

मी त्याला विचारायला गेले तेव्हा त्याने मोबाइलवर अटी टाइप केल्या. प्रश्न दोन दिवस आधी द्या. एका कागदावर पाचच. ‘कधीकधी’ म्हणजे किती रात्री ते लिहा. शेवटची अट वाचून मी अडले, कारण मलाही ते सांगता येईना. गटालाही सांगता आलं नाही. जोडपत्रात आता ‘महिन्यात किती रात्री’ असं छापलं आहे.

मेमध्ये त्याच्या वडिलांनी पत्र्यावर झावळ्यांची झापं अंथरली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वरून जुनं जाळं ताणून बांधलं. ते जाळं त्यानेच सांधून दिलं. जूनच्या मध्यावर मी विचारलं, फरक पडला का?

‘कमी. बंद नाही,’ त्याने लिहिलं. मग जोडपत्राचा कागद ओढून सगळ्यात वर, पहिल्या प्रश्नाच्याही आधी, पेन्सिलीने एक ओळ घातली: ‘तुमच्या घराचं छप्पर कशाचं आहे?’