मॉरिशसच्या रानात आपलेच पक्षी आड येतात

मॉरिशसला पक्षी बघायला गेलेल्या मराठी माणसाची पहिली फसगत होते ती ओळखीच्या पक्ष्यांमुळे. साळुंकी, शिपाई बुलबुल, ठिपकेवाला होला, आपला कंठवाला पोपट, सगळे तिथे माणसांनी नेऊन सोडलेले. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९९४, क्षेत्र सुमारे ६७ चौ. किमी) शिरल्यावर पहिला तासभर हीच मंडळी भेटतात. त्यामुळे आधी ही वजाबाकी हातात बसवायची.

सर्वात अवघड वजाबाकी पोपटाची. तिथला मूळचा एको पोपट आणि आपला पोपट एकाच कुळीचे, लांबून दोन्ही हिरवेच. एको जास्त गडद आणि अंगाने भरलेला, शेपूट आखूड, पंख रुंद. बसलेला दिसला तर चोच बघा. एकोच्या मादीची चोच काळी असते, आपल्या पोपटात नर-मादी दोघांचीही लाल. काळी चोच दिसली की प्रश्न मिटला. लाल चोचीवरून मात्र काहीच ठरत नाही, कारण एकोच्या नराची वरची चोच लालच असते आणि घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांचीही लालसर. अशा वेळी आवाज ऐकावा. आपला पोपट किंचाळतो, एको खालच्या पट्टीत, नाकातून बोलल्यासारखा ओरडतो.

गुलाबी कबुतर त्या मानाने सोपं. १९९०च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरली होती. पैदास केंद्रात वाढवलेले पक्षी सोडून आणि रानात दाणा पुरवून ती संख्या काहीशेंवर आली. अंग फिकट गुलाबी, पंख तपकिरी, शेपूट विटकरी. गफलत होते ती मादागास्करच्या होल्याशी, पण तो बराच गडद असतो आणि त्याचं डोकं राखाडी असतं. हे कबुतर तासन्‌तास एका फांदीवर बसून राहतं, म्हणून हालचाल शोधत बसू नका, फांदीवरचा फिकट गोळा शोधा. पायात रंगीत कडी दिसली तर कोणत्या पायात, वरून खाली कोणते रंग, हे टिपून ठेवा. उद्यानातल्या अभ्यासकांना त्यावरून नेमका पक्षी ओळखता येतो. पायच दिसत नाहीत असा फोटो त्यांच्या फारसा कामाचा नाही.

बुलबुलाचा घोळ लवकर सुटतो. तिथला मूळ बुलबुल शिपायापेक्षा मोठा, राखाडी, चोच नारिंगी, अंगावर लाल कुठेच नाही. स्वर्गीय नर्तक शोधताना लांब पांढऱ्या शेपटीच्या फितींची वाट बघू नका, तिथल्या नराला त्या नसतातच. चष्मेवाल्यांचे थवे पायवाटेवर सतत भेटतात, ते राखी चष्मेवाले. हिरवा चष्मेवाला फार दुर्मिळ, त्याची चोच लांब आणि बाकदार.

सुरुवात पेत्रँच्या बाजूने करावी. हे ठिकाण पठारावर, गंगा तलाव या तिथल्या हिंदूंच्या तीर्थस्थानाजवळ आहे. महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस टाळाच, कारण लाखो भाविक पायी निघालेले असतात आणि त्या रस्त्यांवर गाडी हलत नाही. पेत्रँहून माकाबे पायवाट सुरुवातीला जवळजवळ सपाट आहे, पक्षीही याच भागात जास्त. पुढे ती दरीत उतरते, एकूण सुमारे १० किमी. उतार तीव्र आणि ओल्या लाल मातीचा, गुळगुळीत तळव्याचे बूट असतील तर हमखास घसरायला होतं. गाडी वर आणि आपण खाली अशी पंचाईत होऊ नये म्हणून परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवावी.

नोव्हेंबरमध्ये साडेपाचच्या आत उजाडतं, जुलैत पावणेसात होतात. सप्टेंबर ते डिसेंबर हे विणीचे महिने उत्तम. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे. त्यानंतर चिनी पेरू पिकतात आणि प्लेन शँपेन या पठारी भागात पेरू तोडणाऱ्यांची झुंबड उडते. हा पेरूही बाहेरूनच आलेला. त्याची जाळी इतकी दाट माजते की खाली मूळ झाडांचं रोप धरत नाही.

किनाऱ्यावर कडक ऊन असलं तरी पठारावर पाऊस गृहीत धरा. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बरी. दहापटीची नेलीत तर झाडोऱ्याखालच्या अंधारात हात हललेला लगेच जाणवतो. एसी गाडीतून उतरल्यावर भिंगांवर वाफ धरते, म्हणून शेवटची दहा-पंधरा मिनिटं एसी बंद ठेवून काचा उघडाव्यात. खाऊची पिशवी उघडी टाकली तर माकडं नेतात. माकडंही तिथली नव्हेत, आणि ती घरट्यांतली अंडी खातात ही त्यांच्याबद्दलची खरी तक्रार आहे.

मॉरिशस केस्ट्रेल हा तिथला मूळचा छोटा शिकारी पक्षी आकाशात घिरट्या घालताना शोधू नये. १९७४ मध्ये रानात याचे फक्त चार पक्षी माहीत होते. पंख आखूड नि गोलसर, शिकार झाडीत शिरून, मुख्यतः हिरव्या पालींची. दरीच्या कड्यांवरची भोकं आणि घरट्यांसाठी लावलेल्या पेट्या बघत बसावं. दरीत लांब पांढऱ्या शेपटीचा पक्षी तरंगताना दिसला तर तो ट्रॉपिकबर्ड, समुद्रपक्षी असूनही कड्यात घरटं करतो.

मॉरिशस फोडी या चिमणीएवढ्या मूळ पक्ष्यासाठी मात्र रानात हट्ट धरू नका. उद्यानात दिसणारा सर्वांगाने लाल नर बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या मादागास्कर फोडीचा निघतो, मूळ फोडीची लाली डोकं-छातीवर आणि शेपटीच्या बुडाशीच असते. त्याच्यासाठी आणि हिरव्या चष्मेवाल्यासाठी एक सकाळ राखून आग्नेयेकडच्या इल ओ एग्रेत या २६ हेक्टरच्या बेटावर जावं. होडी पॉइंट जेरोमहून सुटते, बेटावर वाटाड्याशिवाय फिरता येत नाही, म्हणून जागा आधी राखून ठेवा.