चौदाव्या मजल्यावरचं दार

कार्ड दाखवलं, बीप वाजला, हिरवा दिवा लागला, दार उघडलं. ऑफिसात येणाऱ्या माणसाचा आमच्या कामाशी, म्हणजे दारांच्या कार्ड सिस्टीमशी, एवढाच संबंध. भिंतीवरचा रीडर त्याला दिसतो. शाफ्टमध्ये नाहीतर फॉल्स सीलिंगच्या वर बसवलेली करड्या पत्र्याची पेटी दिसत नाही. मी सोळा वर्षं डोंबिवलीहून लोकलनं येते ती त्या पेटीसाठी.

पेटीत कंट्रोलर असतो. कोणतं कार्ड कोणत्या दाराला, कोणत्या वेळेत चालतं हे त्याच्या स्वतःच्या मेमरीत असतं, त्यामुळे सर्व्हर बंद पडला तरी दारं चालू राहतात. त्याला आरएस-४८५ च्या, म्हणजे डेटा नेणाऱ्या, वायरीवर एकापाठोपाठ एक मॉड्यूल, म्हणजे छोटे सर्किट बोर्ड, जोडलेली असतात. रीडर मॉड्यूल कार्डाचा नंबर आणून देतं, आउटपुट मॉड्यूल रिलेनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचनं, कुलूप सोडतं. इनपुट मॉड्यूलकडे मात्र कोणी फारसं बघत नाही. दार खरोखर बंद आहे का, कोणी पेटीचं झाकण उघडलं का, हे ते सांगतं. दार उघडणं सगळ्यांना हवं असतं. दार बंद आहे याची खात्री हवी असलेले थोडे.

गेल्या पावसाळ्याआधी लोअर परळच्या एका टॉवरचं मेंटेनन्स आमच्याकडे आलं. सिस्टीम दुसऱ्या कोणीतरी बसवलेली होती. कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर सगळी दारं हिरवी. रात्रपाळीचे वॉचमन काका साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले. मी लॅपटॉप उघडत होते तेवढ्यात म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? चौदाव्या मजल्याचं जिन्याचं दार हितं कायम बंदच दिसतं बघा. पोरं सिगरेट ओढायला जातात, दाराला वीट लावतात. मी स्वतः बघितलंय उघडं. स्क्रीन काय बोलत नाय."

"तुम्ही कोणाला सांगितलंत का, काका?"

"सांगितलं की. म्हणले, काका, कंप्युटर चुकत नसतो."

आम्ही दोघं वर गेलो. दाराला वीट होतीच. खाली ऑपरेटरला फोन केला, तो म्हणाला बंद आहे. मी वीट काढून दार लावलं, पुन्हा सताड उघडलं. बंद आहे, म्हणाला.

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण नव्या पोरांना हे कोणी नीट समजावत नाही. दाराच्या चौकटीत मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट असतो. दारावर चुंबक, चौकटीत त्याच्या ओढीनं जुळणारा रीड स्विच. दार बंद असलं की स्विच जोडलेला, उघडलं की तुटलेला. नुसत्या दोन वायरी आणल्या तर मॉड्यूलला जोडलेलं आणि तुटलेलं एवढंच कळतं. कोणी वायरी मध्येच एकमेकींना चिकटवल्या तर दार बंद आहे असं ते समजून बसतं. म्हणून दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारे छोटे तुकडे, लावायचे. अडथळा ओहममध्ये मोजतात; समजा एकेक किलोओहमचे. एक कॉन्टॅक्टच्या रांगेत (सिरीजमध्ये), एक त्याला समांतर (पॅरलल). दार बंद असताना मॉड्यूलला १ किलोओहम दिसतो, उघडं असताना २. वायर शॉर्ट झाली तर शून्याच्या जवळ, कापली तर अनंत. दोनाच्या जागी चार गोष्टी कळतात.

पण हे सगळं खरं ठरतं ते रेझिस्टर वायरीच्या शेवटच्या टोकाला, कॉन्टॅक्टजवळ असतील तेव्हाच. मी चौदाव्या मजल्याची पेटी उघडली. दोन्ही रेझिस्टर मॉड्यूलच्या टर्मिनलवरच पिळून लावलेले. बसवणाऱ्याला शिडी चौकटीपर्यंत न्यायची नव्हती. पेटीत लावले की कमिशनिंगला, म्हणजे सिस्टीम ताब्यात देतानाच्या तपासणीत, आकडे बरोबर येतात, सही होते, बिल निघतं. कधीतरी सीलिंगचं काम करणाऱ्याचा स्क्रू केबलमधून गेला आणि दोन्ही तारा एक झाल्या. मॉड्यूलला रेझिस्टर त्याच्या पायाशीच दिसत राहिले, म्हणजे दार बंद. कापली गेली असती तर निदान दार उघडं दिसलं असतं आणि कोणी धावलं असतं. शॉर्ट झाल्यावर ते कायमचं हिरवं झालं.

मला त्या दिवशी राग आला आणि तो अजून गेलेला नाही. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचा. त्याच्या भरवशावर चौदा मजले माणसं बसतात.

माझे पहिले उस्ताद लॅमिंग्टन रोडवरून सामान घेताना रेझिस्टर नेहमी स्वतः मीटरवर तपासून घ्यायचे. ते म्हणायचे, स्क्रीनवर बघू नकोस, मीटरवर बघ. तेच आता मी पोरांना सांगते.

ही एकच चूक बघायला मिळते असं नाही. कुलपाचा रिले बाहेरच्या रीडरमध्येच असेल तर रीडर भिंतीवरून काढणाऱ्याच्या हातात दार जातं. रिले नेहमी आतल्या बाजूला हवा. विगंड या जुन्या पद्धतीचा रीडर फक्त नंबर पाठवतो, तोही वायरीवर कोणालाही वाचता येईल असा. ओएसडीपी या नव्या पद्धतीत रीडर आणि कंट्रोलरचं दोन्हीकडून बोलणं होतं, तिचा सिक्युअर चॅनल चालू केला तर एन्क्रिप्शनही मिळतं, आणि रीडर तोडला की कंट्रोलरला लगेच कळतं. नव्या कामात मी तोच आग्रह धरते.

आणि बॅटरी. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. एका साइटवर तासाभरात मॅग्नेटिक कुलपं, म्हणजे वीज असेपर्यंतच चुंबकानं दार धरून ठेवणारी, सुटली, सर्व्हर रूमचंसुद्धा. १२ व्होल्टचं असं कुलूप अर्धा अँपिअर घेतं. ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर चौदा तास पुरते, पण ती बसवल्यापासून कोणी बदललीच नव्हती. वीज गेली की असं कुलूप सुटणं बरोबरच आहे, आगीत माणसं बाहेर पडली पाहिजेत. म्हणूनच फायर पॅनेलचा, म्हणजे आगीच्या अलार्मच्या पेटीचा, रिले थेट कुलपाच्या सप्लायमध्ये हवा, म्हणजे अलार्म झाला की कुलपाची वीज तुटते. आग लागल्यावर सर्व्हरनं आज्ञा द्यायची वाट बघणाऱ्या जोडणीवर मी सही करत नाही, मग समोर कोणीही बसलेलं असो.

लोअर परळच्या त्या टॉवरमध्ये अडतीस दारं तपासली. रेझिस्टर सगळ्याच ठिकाणी पेटीत निघाले, शॉर्ट झालेल्या केबल तीन. पाच रात्री लागल्या. मी शिडीवर, पोरगा पेटीपाशी मीटर धरून, आणि काका वॉकी-टॉकीवर. ती त्यांची ड्युटी नव्हती, तरी प्रत्येक दाराला आले. दार लावायचे, उघडायचे, मग मी चौकटीपाशी दोन वायरी मुद्दाम चिकटवायची आणि खालून ऑपरेटर ओरडायचा, "फॉल्ट आला!"

चौदावा मजला आम्ही शेवटी घेतला. नवी केबल ओढली, रेझिस्टर कॉन्टॅक्टपाशी सोल्डर केले, वर स्लीव्ह चढवली. काकांनी कोपऱ्यातली ती वीट उचलली, दार उघडलं आणि वीट लावून उभे राहिले. अर्ध्या मिनिटानं वॉकी-टॉकी खरखरला, "चौदावा लाल झालाय, कोण आहे तिथं?"

"मी हाय," काका म्हणाले, आणि वीट घेऊन खाली गेले.