तुम्ही विचारलंत म्हणून : मी क्रमवारी का लावत नाही

"आजवरचे सगळ्यांत भारी दहा अल्बम कोणते?" संगीतावर लिहिणाऱ्या माणसाची या प्रश्नातून सुटका नाही. मी नावं घ्यायला लागले की लगेच पुढचं येतं, "हो, पण पहिला नंबर कुणाचा?" तो मी देत नाही. मग जरा नाराजीनं विचारलं जातं, "सगळे लावतात की क्रमवारी. तुम्हीच का नाही लावत?" तुम्ही विचारलंत, आणि पुन्हा पुन्हा विचारलंत, म्हणून आज सविस्तर सांगते.

सुरुवात लताबाईंपासून करते. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकानं १ जानेवारी २०२३ रोजी सर्वकाळच्या २०० श्रेष्ठ गायकांची यादी प्रसिद्ध केली. पहिली आरेथा फ्रँकलिन, लता मंगेशकर ८४व्या, नुसरत फतेह अली खान ९१वे. सेलिन डिऑनचं नावच नव्हतं, म्हणून तिचे काही चाहते फलक घेऊन मासिकाच्या न्यूयॉर्कमधल्या कचेरीसमोर जाऊन उभे राहिले. लताबाईंच्या चाहत्यांत दोन तट पडले. काहींना ८४ हा अपमान वाटला, काहींना अशा यादीत नाव आलं याचाच अभिमान. मला दोघांनाही एकच विचारायचं होतं: ८४ म्हणजे काय? ८३व्या गायकाच्या गळ्यात असं काय आहे जे लताबाईंच्या गळ्यात नाही, आणि ८५व्याच्या गळ्यात काय कमी पडलं? प्रत्येक नावाखाली काही ओळी होत्या, त्यातल्या काही चांगल्याही होत्या, पण त्या ओळींवर कुणी बोलताना मला दिसलं नाही. वरच्या पट्टीतही न ताणलेला सूर, ओळीच्या शेवटचं अक्षर विरू न देता नीट ठेवणं, पडद्यावरच्या नटीप्रमाणे आवाजाचा बाज बदलणं, तीन मिनिटांच्या गाण्यात एखादीच मुरकी आणि तीही नेमक्या शब्दावर घेणं, यावर बोलता येतं. कुणाला पटलं नाही तर गाणं पुन्हा लावून दाखवता येतं. ८४ या आकड्यापुढे लावून दाखवण्यासारखं काही नसतं.

ही क्रमवारी ठरते कशी, हेही बघण्यासारखं आहे. याच मासिकानं २००३ साली सर्वकाळच्या ५०० श्रेष्ठ अल्बमांची यादी केली, तेव्हा पहिला नंबर बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'चा होता. २०२० साली ३००हून अधिक कलाकार, समीक्षक आणि या धंद्यातल्या माणसांकडून प्रत्येकी पन्नास नावं मागवून यादी नव्यानं केली. आता पहिला आला अमेरिकी गायक मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', आणि 'सार्जंट पेपर्स' गेला २४व्या जागी. गायिका-गीतकार जोनी मिचेलचा 'ब्लू' ३०वरून थेट तिसरा. या सतरा वर्षांत त्या तिन्ही अल्बमांमधला एक सूरही बदललेला नाही. बदलली ती विचारली जाणारी माणसं. पूर्वीचं मतदान रॉक ऐकत मोठ्या झालेल्या पिढीकडे झुकलेलं होतं. नव्या मतदारांत बियॉन्से, टेलर स्विफ्ट, बिली आयलिश होत्या. हा बदल मला मनापासून आवडला. कोणत्या काळात कुणाला विचारलं जातं आणि कुणाचे कान मोजले जातात, याचा तो चांगला दस्तऐवज आहे. पण मथळ्यात हे येत नाही. मथळ्यात येतं 'सर्वकाळचे सर्वश्रेष्ठ'.

आणि मतं गोळा करून बेरीज केली की खरा क्रम बाहेर येतो, हा समजही चुकीचा आहे. फ्रेंच विचारवंत कोंदोर्सेनं १७८५ साली दाखवून दिलेली एक अडचण इथे लागू पडते. तीन श्रोते घ्या आणि तीन अल्बम: अ, ब, क. पहिल्या श्रोत्याची आवड अ, ब, क अशी. दुसऱ्याची ब, क, अ. तिसऱ्याची क, अ, ब. आता मोजा. तिघांपैकी दोघांना 'ब'पेक्षा 'अ' जास्त आवडतो. दोघांना 'क'पेक्षा 'ब' जास्त आवडतो. आणि दोघांना 'अ'पेक्षा 'क' जास्त आवडतो. पहिला कोण? कुणीच नाही, आणि तरी तिघांपैकी एकाचंही मत गोंधळलेलं नाही. यातून वाट काढायला गुण द्यावे लागतात, आणि गुणांचा नियम बदलला की पहिला नंबरही बदलू शकतो. त्यातून आणखी एक होतं. ज्या अल्बमला दोनशे जणांनी तिसाव्या जागी ठेवलं तो सहज पुढे जातो. ज्याच्यावर दहा जणांचा जीव आहे आणि बाकीच्यांनी तो ऐकलेलाच नाही, तो मागे पडतो. म्हणजे कमी ऐकलं जाणारं, दुसऱ्या भाषेतलं, छोट्या वर्तुळातलं संगीत हिशोबातच हरतं. वर आलेली यादी तीनशेपैकी एकाही माणसाची यादी नसते. तिच्याशी वाद घालायला समोर माणूसच नाही.

याउलट एक उदाहरण देते. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकानं १९७१ साली समीक्षकांचं एक मतदान घेतलं आणि १९७४पासून ते दरवर्षी होऊ लागलं. नाव 'पॅझ अँड जॉप', कर्ताधर्ता समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ. प्रत्येक समीक्षकाला १०० गुण मिळायचे आणि ते दहा अल्बमांत वाटायचे, एकाला कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३०. एवढ्यानंच केवढा फरक पडतो! एखाद्यावर जीव असेल तर तो तिथे दाखवता येतो. शिवाय निकालासोबत क्रिस्टगाऊचा लांबलचक निबंध असायचा. यंदा समीक्षकांनी काय ऐकलं, काय ऐकलंच नाही, कुठे सगळे एकाच दिशेनं वाहत गेले. आकडे निमित्त होते आणि लेख मुख्य होता. आजच्या बहुतेक याद्यांत हे उलटं झालंय.

ते का, याचं उत्तर पैशात आहे. वेबसाइटला जाहिरातीचे पैसे बहुधा पान किती वेळा उघडलं, जाहिरात किती वेळा दिसली यावर मिळतात. एका अल्बमवर विचारपूर्वक लिहायचं तर तो बरेच दिवस ऐकावा लागतो, आणि शेवटी एकच पान तयार होतं. वीस नावांची यादी, प्रत्येक नावाला वेगळं पान, की वीस पानं आणि वीसदा जाहिरात. यादी पन्नासावरून एककडे येते ती यासाठीच, बोट पुढे पुढे सरकत राहावं म्हणून. आणि एखादं मोठं नाव मुद्दाम खाली ठेवलं किंवा गाळलं तर चाहते चिडून ती यादी स्वतःच गावभर करतात. प्रत्येक गाळलेल्या नावामागे डाव असतो असं मी म्हणत नाही. पण राग आला की वाचक येतात, हे संपादकांच्या समोरच्या आकड्यांत रोज दिसत असतं, आणि रोज दिसणारी गोष्ट हळूहळू निर्णयांत उतरतेच.

मथळ्यांचंही तेच. जॉर्ज लोवेन्स्टाइन या अभ्यासकानं १९९४ साली कुतूहलाची फोड अशी केली होती: आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक करून घ्यायचंय, त्यातली फट जाणवली की माणूस अस्वस्थ होतो. मथळा लिहिणारे त्या फटीवरच काम करतात. 'या यादीतला तिसरा गायक पाहून थक्क व्हाल.' 'अखेर तिनं मौन सोडलं.' आत गेलं की तोंडाला पानं पुसलेली. फेसबुकनं ऑगस्ट २०१४मध्ये जाहीर केलं होतं की लोक दुव्यावर जाऊन लगेच परत येतात की तिथे थांबून वाचतात हे पाहून असे मथळे मागे टाकू. मथळ्यांचे साचे बदलत राहिले, धंदा थांबला नाही.

मला सर्वांत जास्त दुखतं ते मुलाखतींचं. एखादी गायिका रेकॉर्डिंगबद्दल, गळ्याच्या आजारपणाबद्दल, वाद्यवृंदाशी जमवून घेण्याबद्दल तासभर मनमोकळं बोलते. शेवटी तिला विचारतात, "तुझ्या पिढीत सर्वांत चांगलं कोण गातं?" ती भिडेखातर काहीतरी म्हणते. दुसऱ्या दिवशी मथळा त्याच एका वाक्याचा, आणि तासाभराचं बोलणं त्याखाली गाडलेलं. मग पुढच्या मुलाखतीला ती जपून बोलते. एका क्लिकसाठी आपण आपल्या काळातल्या कलाकारांचं त्यांच्या कामाबद्दलचं बोलणं गमावतोय, आणि पन्नास वर्षांनी ते कुणी शोधायला गेलं तर मिळणार नाही.

गुण देण्याबद्दलही विचारता, तर 'पिचफोर्क'चं सांगते. १९९०च्या दशकात मिनियापोलिसमध्ये एका तरुणानं सुरू केलेली ही वेबसाइट. अल्बमला ०.० ते १०.० असे दशांशातले गुण, आणि त्यासोबत मोठं परीक्षण. त्या परीक्षणांतून मी खूप शिकले. पण जग गुणांकडे बघत राहिलं. २०२१ साली, पंचविसाव्या वर्षात, त्यांनी १९ जुन्या अल्बमांचे गुण बदलून प्रसिद्ध केले. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'ला २००१ साली ६.४ होते, ते १० झाले. लिझ फेअरच्या एका अल्बमला शून्य होतं, त्याचे ६ झाले. मत बदलणं चांगलंच. पण ६.४ या आकड्याला उत्तर द्यायचं तर दुसरा आकडाच द्यावा लागतो. परीक्षणातल्या वाक्याला वाक्यानं उत्तर देता येतं, "तुम्ही म्हणता हे यांत्रिक आहे, पण त्या कोरड्या तालावर चढवलेला, यंत्रातून गाळलेला आवाज किती हळवा आहे ते ऐका," असं म्हणता येतं. काँदे नास्त या कंपनीनं २०१५ साली 'पिचफोर्क' विकत घेतलं आणि जानेवारी २०२४मध्ये ते 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकाच्या छताखाली नेत असल्याचं जाहीर केलं. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. ऐकून लिहिणारी माणसं कमी होतात तेव्हा रिकामी जागा याद्यांनी भरली जाते. यादी करायला तितकं ऐकावं लागत नाही.

एवढं सगळं असूनही मी याद्यांच्या विरुद्ध नाही. नव्यानं ऐकायला लागलेल्या माणसाला दार हवं असतं, आणि यादी ते उघडते. क्रमवारीसुद्धा कधी कधी उत्तम असते. 'व्हल्चर' या वेबसाइटवर २०१७ साली समीक्षक बिल वायमन यांनी बीटल्सची २१३ गाणी वाइटापासून उत्तमापर्यंत लावली. (रोलिंग स्टोन्स या बँडमधला बिल वायमन वेगळा.) तळाला 'गुड डे सनशाइन', माथ्यावर 'अ डे इन द लाइफ'. तळाचा निर्णय मला अजिबात मान्य नाही, तरीही तो लेख आवडतो. त्याखाली एका माणसाची सही आहे, आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यापाशी तो थांबून सांगतो की इथे त्याला काय ऐकू आलं. क्रमांक काढून टाकले तरी तो लेख उभा राहील. हीच माझी कसोटी. बहुतेक याद्यांतून क्रमांक काढले तर खाली राहतो तो 'अजरामर', 'काळाच्या पुढचं', 'पिढ्यांना प्रेरणा देणारं' अशा शब्दांचा ढीग, आणि तो ढीग उचलून कुठल्याही दुसऱ्या अल्बमखाली ठेवता येतो.

मला क्रमवारी लावायला सांगितली तर माझंही तेच होईल अशी भीती वाटते. दोन अल्बमांपैकी एकाला चौथा आणि दुसऱ्याला पाचवा म्हणायचं, तर माझ्याकडे त्याचं ऐकण्यातलं कारण नसतं. मग मी कारण बनवणार. कारण बनवलं की भाषा फुगते. आणि वाचणाऱ्याला वाटतं की अल्बम कळला, आता ऐकायची घाई नाही.

म्हणून मी काय करते, तर नावं देते आणि प्रत्येक नावाबरोबर कशाकडे कान द्यायचा ते सांगते. 'व्हॉट्स गोइंग ऑन' ऐकाल तेव्हा मार्विन गेचा आवाज एक नाही, दोन आहेत हे ऐका. त्यानं मुख्य गाणं दोन वेगळ्या तऱ्हांनी गायलं होतं, आणि ध्वनिमुद्रकाकडून ते चुकून एकत्र वाजले. मार्विनला ते आवडलं, त्यानं ते तसंच ठेवलं, आणि पुढे स्वतःच्या आवाजावर आवाज चढवणं ही त्याची ओळख झाली. एक आवाज सांगतो, दुसरा त्याला मागून दुजोरा देतो. गाणी एकमेकांत सरकत जातात, म्हणून मधलंच एखादं उचलून ऐकू नका, सलग ऐका. 'ब्लू'बद्दल हे लक्षात ठेवा की जोनी मिचेलला लहानपणी पोलिओ झाला होता आणि डावा हात अशक्त राहिला होता. नेहमीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, धरणं जड जायचं म्हणून ती गिटारच्या तारा वेगळ्या सुरांत लावायची. तिची गिटार इतरांसारखी का वाजत नाही, याचं एक कारण तिथे आहे. हे कळल्यावर 'ब्लू' तिसरा की तिसावा हा प्रश्न निदान माझ्या मनात तरी उरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "पहिला नंबर कुणाचा" याऐवजी "यात काय ऐकू" असं विचारा. आणि मी सांगितलेलं तुम्हाला ऐकू आलं नाही, किंवा वेगळंच काही ऐकू आलं, तर तेही जरूर कळवा, गाण्यातली जागा सांगून. मी ते लावून बघेन.