तिची गोष्ट, तिच्या अटींवर

संत जोसेफिन बाखिताचा सण 8 फेब्रुवारीला येतो. सुदानमधल्या दारफूरची ही मुलगी लहानपणीच पळवली गेली, गुलामांच्या बाजारात पुन्हा पुन्हा विकली गेली, पुढे इटलीत 1889 साली कोर्टानं तिला स्वतंत्र ठरवलं आणि ती कनोसा संघाची सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी झाली. पोप फ्रान्सिस यांनी 2015 पासून हाच दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा आणि जागृतीचा दिवस ठरवला. आमच्या वसईतल्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजात, त्या दिवशी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एक प्रार्थना म्हटली जायची, बस. मग फादरांनी विचारलं, अर्ध्या तासाचा मराठी माहितीपट करूया का? मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून संहिता माझ्याकडे आली.

आधी वाटलं होतं की परदेशी ख्रिस्ती माहितीपट घ्यावा आणि त्याला मराठी निवेदन जोडावं. काही पाहिले. तळमळ खरी होती, पण बहुतेकांत अंधारी खोली, रडणारी मुलगी, व्हायोलिन आणि शेवटी प्रार्थना. आमची माणसं डोळे पुसून घरी गेली असती आणि हे सगळं कुठेतरी लांबच्या देशात चालतं असं समजली असती. इथं महामार्गालगतच्या लॉजवर धाड पडल्याच्या बातम्या आपण चहा पिता पिता वाचतो. म्हणून ठरलं, आपलाच करायचा.

मुलींच्या बालगृहात आम्हाला चित्रीकरणाला नकार मिळाला, आणि तो योग्यच होता. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलीचं नाव, पत्ता, शाळा किंवा ती ओळखू येईल अशी कुठलीही खूण प्रसिद्ध करता येत नाही. केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातही अशीच बंदी आहे. मोठ्या बायकांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेनं मात्र ऐकून घेतलं. तिथल्या समाजसेविकेनं पहिल्याच भेटीत सांगितलं, ज्या बाईची केस चालू आहे तिला कॅमेऱ्यापुढे बसवायचं नाही. ती इथं एखादा शब्द वेगळा बोलली तर आरोपीचा वकील उलटतपासणीत तोच धरून बसतो. त्यामुळे जिची केस संपली आहे, जी स्वतःच्या खोलीत राहते आणि स्वतः कमावते, अशाच बाईला विचारायचं.

अशी एक ताई तयार झाली. ती साड्यांना फॉल-पिको करून देते. संमतीपत्र समाजसेविकेनं साध्या बोलीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: काय विचारणार, कोण बघणार, कुठे दाखवणार. आणि एक ओळ होती की दाखवण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ताई नाही म्हणू शकते, कारण न देता. ताईनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. तिचा बुडालेला रोज धर्मग्रामानं दिला. त्यावर धर्मग्रामाच्या कमिटीतल्या एकानं कुरकुर केली की साक्ष देण्याचे पैसे कसले. माझं मत स्पष्ट आहे. आपल्यासाठी कोणी मशीन बंद ठेवून बसलं तर त्या दिवसाची मजुरी आपण द्यायची.

चेहरा दाखवायचा नव्हताच. कॅमेरा तिच्या हातांवर ठेवायचा असं ठरलं: साडीची कड, चालती सुई, बोटं. कॅमेरा धरणाऱ्या आमच्या मुलानं सुंदर फ्रेम लावली. तेवढ्यात समाजसेविकेनं त्याला थांबवलं आणि ताईच्या मनगटाकडे बोट केलं. तिथं गोंदण होतं, निळसर, थोडं पसरलेलं, पण अक्षरं वाचता येत होती. गावाकडचं कोणीही त्यावरून तिला ओळखलं असतं. ताई स्वतः उठली, पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून आली आणि म्हणाली, "आता घ्या." भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, कारण त्यावर दुकानाचं नाव होतं. खिडकीतून येणारा रेल्वेच्या घोषणेचा आवाज नंतर काढून टाकला.

खरा पेच आवाजाचा होता. बातम्यांत करतात तसा तिचा आवाज यंत्रानं जाड करून ऐकवला. तो ऐकून ताईचा चेहरा पडला. "टीचर, हा तर आरोपीचा आवाज वाटतो." मग आमच्याच समूहातल्या चार बायकांनी तिचे शब्द वाचून रेकॉर्ड केले आणि त्यातला एक आवाज ताईनं निवडला. तिनं सर्वांत शांत आवाज घेतला, ज्यात कुठेही रडं नव्हतं.

काय सांगायचं हेही तिनंच ठरवलं. तिच्यावर काय काय झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ती बोलली हिशेबाबद्दल. ओळखीच्या बाईनं कामाला लावते म्हणून आणलं. तिला विकत घेताना घरवालीनं, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईनं, जे पैसे मोजले, तेच तिच्या नावावर कर्ज म्हणून चढले. वर जेवण, साड्या, औषधं, खोलीचं भाडं. वही घरवालीकडे, आकडा कधी दाखवायचा नाही. "मी शिकलेली नव्हते, पण बेरीज येत होती. ते कर्ज फिटणारंच नव्हतं." 'मग ती पळून का नाही गेली' असं विचारणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मी कुठे ऐकलेलं नाही.

कच्ची प्रत कमिटीनं पाहिली आणि एक मागणी आली: शेवटी ताईनं म्हणावं की प्रभूनं मला वाचवलं. ताईच्या मशीनवर देवीचा फोटो आहे. ती रोज तिला उदबत्ती लावते. मी ते विचारायला जाणार नाही असं सांगितलं. वातावरण तापलं. फादर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, शुभवर्तमानातल्या गोष्टीत वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्या शोमरोन्यानं धर्म विचारला नव्हता. मागणी तिथेच संपली. श्रद्धेचा भाग आम्ही आमच्या बाजूनं मांडला: बाखिता, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाई, ज्यांनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली केडगावला आणल्या, कारण अशा मुलींवर टपून बसलेली माणसं तेव्हाही होती.

आणखी एक गोष्ट संहितेत ठेवण्यासाठी मला भांडावं लागलं. देहविक्रीच्या धंद्यातली प्रत्येक बाई पळवून आणलेली आहे असं सरसकट म्हणणं खरं नाही. फसवून, धमकावून आणलं तर तो गुन्हा आहे, आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तिची संमती हा मुद्दाच उरत नाही. पण सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात डांबणं म्हणजे तिला सोडवणं नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2020 मध्ये अशाच तीन बायकांना सोडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये या बायकांच्या सन्मानाबद्दल निर्देश दिले आणि धाडीच्या वेळी त्यांची ओळख उघड करू नये असं माध्यमांनाही बजावलं. सोडवलेल्या बाईचा आवाज किती लांब जाऊ शकतो ते नेपाळनं दाखवलं. 1996 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कुंटणखान्यांवर मोठी धाड पडली, शेकडो मुली सुधारगृहांत गेल्या, त्यात नेपाळच्या पुष्कळ होत्या आणि त्यांना परत घ्यायला त्यांचंच सरकार कचरत होतं. परतलेल्यांपैकी काहींनी शक्ती समूह ही स्वतःची संस्था काढली. तिला 2013 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा भाग मी सर्वांत आवडीनं लिहिला.

पूर्ण माहितीपट ताईनं सर्वांच्या आधी पाहिला, तिच्या खोलीवर, लॅपटॉपवर. एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं. का, ते विचारलं नाही.

8 तारखेला मिस्सानंतर हॉल भरला. नंतर प्रश्न आले ते कामाचे: ऑनलाइन नोकरीचा मेसेज खरा की खोटा कसं ओळखायचं, इमारतीत संशय आला तर कुठे सांगायचं. लहान मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181, तातडीनं 112 हे नंबर पडद्यावर तसेच ठेवले होते. पोलिसांकडे अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो हे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

आता इतर धर्मग्रामांतून मागणी येते. प्रत आम्ही कोणाला देत नाही, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. आम्हीच जाऊन दाखवतो आणि परत आणतो. प्रत्येक वेळी आधी ताईला फोन करते, कुठे दाखवणार ते सांगते. परवा एका ठिकाणाला तिनं नाही म्हटलं, तिची गिऱ्हाइकं तिकडे राहतात. तिथल्या फादरांना मी तसं कळवलं आणि त्यांच्यासाठी ताईशिवायचा, फक्त कायदा आणि नंबर सांगणारा भाग वेगळा करायला घेतला आहे.