एकही ओ पिशवी जुळेना

संध्याकाळी सातच्या सुमारास स्त्रीरोग विभागातून आलेल्या त्या मागणीपत्रात नजर अडकावी असे काहीच नव्हते. वय 38, गर्भाशयात गाठी, कित्येक आठवड्यांपासून अंगावरून जाणारे रक्त, हिमोग्लोबिन 4.8, रक्तगट ओ पॉझिटिव्ह, लाल पेशींच्या दोन पिशव्या, तातडीने. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे आणि असे कागद आमच्या खिडकीवर रोज येतात. मागणीपत्रावर लिहिलेल्या गटावर आम्ही कधीच विसंबत नाही, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आलेल्या नमुन्याचा गट पुन्हा पहिल्यापासून काढायचा, तोही दोन बाजूंनी, आणि मगच पिशवीला हात लावायचा, हा आमचा शिरस्ता आहे.

पहिल्या बाजूला रुग्णाच्या लाल पेशी घेऊन त्यांत अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी ही द्रावणे घालतात. ए, बी किंवा डी यांतले जे पेशींवर असेल त्याच्या नळीत गुठळी होते, आणि पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे डीवरून ठरते. बाईंच्या पेशी ए आणि बी या दोन्ही नळ्यांत तशाच मोकळ्या राहिल्या आणि डीच्या नळीत घट्ट गुठळी झाली. ओ पॉझिटिव्ह. दुसऱ्या बाजूला उलटे करतात: रुग्णाचा रक्तद्रव घ्यायचा आणि त्यात आमच्याकडच्या, गट माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी घालायच्या. ओ गटाच्या माणसाच्या रक्तद्रवाने ए आणि बी पेशींना गोळा करावे आणि ओ पेशींना सोडून द्यावे, अशी अपेक्षा असते. नळ्या वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवणारे सेंट्रिफ्यूज थांबल्यावर मी तिन्ही नळ्या दिव्यासमोर धरून हलकेच तिरक्या केल्या. ए आणि बीच्या नळ्यांत तळाशी बसलेल्या पेशी एकसंध गोळी होऊन सुटल्या, ज्याला आम्ही फोर प्लस, म्हणजे सर्वांत जोरदार गुठळी, म्हणतो. ओच्या नळीतही तेच झाले. तेवढेच नाही, गुठळीच्या वरचा द्रव नितळ राहायला हवा होता, तो गुलाबी दिसत होता. म्हणजे त्या रक्तद्रवाने ओ पेशी नुसत्या गोळा केल्या नव्हत्या, त्यांतल्या काही फोडल्याही होत्या.

ओ पेशींची ही तिसरी नळी म्हणजे आमच्या कामातला सर्वांत उपेक्षित भाग आहे. रक्तपेढीत दोन्ही बाजूंची तपासणी बंधनकारक आहे, पण गावोगावच्या शिबिरांत, शाळांच्या आरोग्य तपासणीत आणि कितीतरी छोट्या प्रयोगशाळांत काचपट्टीवर तीन थेंब ठेवून दोन मिनिटांत गट जाहीर होतो. रक्तद्रवाची बाजू कोणी पाहतच नाही. तान्ह्या बाळांत स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशींना चिकटून त्यांना विरोध करणारी रक्तद्रवातली प्रथिने, अजून तयार झालेली नसतात, त्यामुळे त्यांच्यापुरती ही बाजू निरर्थक ठरते, हे मान्य आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र ती वगळण्याला वेळ आणि पैसा वाचवणे यापलीकडे कोणतेही कारण नाही, आणि असा अर्धवट काढलेला गट प्लॅस्टिकच्या कार्डावर छापून लोकांच्या हाती देणे मला आजही अत्यंत बेजबाबदार वाटते.

असा विचित्र निकाल आला की पहिला संशय नळी बदलल्याचा घ्यायचा असतो. म्हणून मी स्वतः वॉर्डात जाऊन, बाईंना नाव विचारून, नोंदणी क्रमांक पडताळून नवा नमुना घेतला. डोळ्यांच्या आतली कड आणि नखे पांढरीफटक पडली होती, बोलताना धाप लागत होती, तरी त्यांनी मलाच विचारले, "ताई, रक्त मिळेल ना?" नव्या नमुन्याचाही निकाल तोच आला. मग थंडीत काम करणाऱ्या प्रतिपिंडांची शक्यता तपासण्यासाठी नळ्या 37 अंशांवर ठेवल्या, तरी गुठळ्या सुटल्या नाहीत. शीतकपाटातल्या वेगवेगळ्या दात्यांच्या ओ पिशव्यांशी क्रॉसमॅच लावले, म्हणजे बाईंचा रक्तद्रव त्या पिशव्यांतल्या पेशींवर घालून पाहिला, आणि एकही पिशवी जुळली नाही. शेवटी बाईंचा रक्तद्रव त्यांच्या स्वतःच्याच पेशींवर घातला. ती एकच नळी पूर्ण मोकळी राहिली. सगळ्या जगाच्या ओ पेशींना विरोध आणि फक्त स्वतःच्या पेशींना नाही, हे चित्र पुस्तकात वाचलेले होते. हातातल्या नळीत मी ते प्रथमच पाहत होते.

लाल पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एक विकर (एन्झाइम) फ्युकोज नावाची शर्करा जोडते आणि त्यातून एच हा प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे जिला ओळखतात अशी पेशीवरची खूण, तयार होतो. या एचवर ए जनुकाचे विकर एक वेगळी शर्करा बसवते तेव्हा पेशी ए गटाची होते, बी जनुकाचे विकर दुसरी शर्करा बसवते तेव्हा बी गटाची. ओ गटाच्या माणसात काहीच बसवले जात नाही, म्हणून त्याच्या पेशींवर एच सर्वांत जास्त आणि उघडा असतो. एच ही खुंटी आहे आणि ए-बी तिच्यावर अडकवलेले असतात. एच घडवणारे जनुक 19व्या गुणसूत्रावर आहे, ए-बी-ओ ठरवणारे 9व्या. आई आणि वडील या दोघांकडूनही एचचे निकामी जनुक आले, तर खुंटीच तयार होत नाही. मग त्या माणसाकडे ए किंवा बीचे जनुक धडधाकट असले तरी ते दिसून येत नाही आणि काचपट्टीवर तो ओ म्हणूनच वाचला जातो. शरीराजवळ स्वतःचा एच नसल्याने ते ए आणि बीबरोबर एचविरुद्धही प्रतिपिंडे तयार करते. अशा माणसाला ओ गटाची पिशवी लावणे म्हणजे ज्या पेशींवर एच सर्वाधिक आहे नेमक्या त्याच पेशी त्याच्या शिरेत सोडणे होय. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट प्रथम नोंदवला आणि तो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एक आणि युरोपात दहा लाखांत एक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते.

हे सगळे मनाशी जुळत असतानाच वॉर्डातून फोन आला. रात्रपाळीचे निवासी डॉक्टर होते आणि त्यांचा आवाज चढलेला होता.

"मॅडम, तीन तास झाले. ओ जुळत नसेल तर ओ निगेटिव्ह पाठवा, ते सगळ्यांना चालतं. सही मी करतो."

"सर, या पेशंटला ते चालणार नाही. ओ निगेटिव्हवरही एच असतोच."

"मग काय, पेशंट हातची जाऊ द्यायची?"

त्यांचा राग मला समजत होता. समोर 4.8 हिमोग्लोबिनची बाई असताना 'नाही' ऐकणे सोपे नसते. परंतु ओ निगेटिव्ह सर्वांना चालते हे वाक्य वैद्यकीय शिक्षणात इतके घोटून घेतले जाते की त्याला अपवाद आहे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही आठवत नाही. अनेक जण रक्तपेढीला दुकान समजतात. मागितलेला माल गल्ल्यावर मिळालाच पाहिजे, अशी त्यांची धारणा असते. मी आमच्या रक्तसंक्रमण अधिकाऱ्यांना घरून बोलावून घेतले. त्यांनी नळ्या पाहिल्या, वॉर्डात जाऊन वरिष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणे केले आणि ठरले की कोणतीही ओ पिशवी लावायची नाही, रक्तस्राव औषधांनी रोखायचा, ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलायची.

याच दरम्यान बाईंचे पती खिडकीशी आले. आपले रक्त घ्या म्हणून विनवीत होते. आपला ए पॉझिटिव्ह आहे, ते पत्नीला चालत नसेल तर मुलीचे घ्या, ती आता अठरा वर्षांची झाली आहे, असे ते म्हणाले. मुलीचा गट विचारल्यावर ते क्षणभर घुटमळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "एबी. दोनदा तपासून घेतलाय, मॅडम. एबीच येतो."

ओ गटाच्या आईला एबी मूल होऊ शकत नाही, हे शाळेच्या पुस्तकातही असते. पण आईकडे बीचे जनुक असून एच नसल्यामुळे ते झाकलेले असेल, तर त्या मुलीला आईकडून बी, वडिलांकडून ए आणि वडिलांकडूनच एचचे चांगले जनुक मिळते आणि तिच्या पेशींवर ए व बी दोन्ही दिसतात. माझ्या नळ्यांनी जे सांगितले होते तेच या माणसाने नकळत दुसऱ्या बाजूने सांगितले. त्याच वेळी हेही ध्यानात आले की दोनदा तपासून घेण्यामागे घरात काहीतरी बोलले गेलेले असणार.

निदान पक्के करण्यासाठी एचविरुद्धचे द्रावण लागते. ते युरोपात उगवणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या एका काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. युलेक्स युरोपियस हे त्याचे शास्त्रीय नाव. त्या बीमधले प्रथिन फ्युकोजला नेमके ओळखते, त्यामुळे साध्या ओ पेशी त्यात जोरात गोळा होतात आणि बॉम्बे गटाच्या पेशी जराही हलत नाहीत. मानवी रक्ताशी काडीचा संबंध नसलेल्या शेंगेतल्या बीने हा निवाडा करावा, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते. हे द्रावण आमच्या शीतकपाटात नव्हते. वर्षानुवर्षे मागणी नोंदवूनही ते खरेदीत वगळले जाते, कारण ते क्वचितच लागते. नमुना रात्रीच मोठ्या केंद्राकडे रवाना झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्कामोर्तब झाले.

तोपर्यंत आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. दुर्मीळ गटाच्या दात्यांच्या याद्या ठेवणारी स्वयंसेवक मंडळी आहेत. त्यांना रात्री अकरा वाजता फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसाने झोपमोड झाल्याची तक्रार न करता पहिल्यांदा पेशंटचे वजन आणि हिमोग्लोबिन विचारले. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दात्याने सकाळी आपल्याच गावच्या रक्तपेढीत रक्त दिले, संसर्गाच्या सर्व तपासण्या झाल्या आणि पिशवी बर्फाच्या पेटीतून एसटीने आली. चालकाने ती पेटी आपल्या आसनामागे जपून ठेवली होती. क्रॉसमॅचची ती नळी सेंट्रिफ्यूजमधून काढून तिरकी केली आणि तळच्या पेशी अलगद, धुरासारख्या पसरत गेल्या. एकही गुठळी नाही. 37 अंशांवर नाही आणि डोळ्यांना न दिसणारी प्रतिपिंडेही पकडणाऱ्या शेवटच्या कूम्ब्स टप्प्यातही नाही.

बाईंच्या भावंडांचीही तपासणी केली, कारण सख्ख्या भावंडांत हा गट सापडण्याची शक्यता चारात एक असते. त्यांच्या वडिलांनी मामाच्या मुलीशी लग्न केले होते. आपल्याकडे ही रीत सर्रास आहे, आणि एकाच आजा-आजीकडून आलेले निकामी जनुक दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. पंढरपूरजवळच्या गावातून आलेल्या धाकट्या भावाची ओ पेशींची नळी तशीच गोळा झाली. त्याचे रक्त घेतले, पण थेट दिले नाही. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्यामुळे त्या तिथे रुजून घात करू शकतात, म्हणून अशी पिशवी विकिरण करूनच, म्हणजे किरणांनी त्या पांढऱ्या पेशी निष्प्रभ करूनच, वापरतात. ते यंत्र आमच्याकडे नाही. पिशवी पुण्याला जाऊन परत आली आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी वापरली गेली. बाई टाके काढून घरी गेल्या.

घरी जाण्यापूर्वी पती पुन्हा खिडकीशी आले होते. आमच्या अधिकाऱ्यांनी त्यांना आत बसवून कागदावर आकृती काढून समजावले की मुलीच्या रक्तातला बी तिच्या आईचाच आहे आणि हा गट असलेल्या बाईला एबी मूल होणे शास्त्राला धरूनच आहे. ते बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, हे लेटरहेडवर लिहून द्याल का? सही-शिक्क्यानिशी. आईला आणि मोठ्या भावाला दाखवायचंय." अधिकाऱ्यांनी पत्नीची संमती घेऊन तसे पत्र दिले. अठरा वर्षांत त्या घरात काय काय बोलले गेले असेल, याची कल्पना त्या एका वाक्यावरून आली. काचपट्टीवर वाचवलेल्या त्या तिसऱ्या नळीची किंमत त्या बाईने कशी मोजली, हे कोणत्याही नोंदवहीत येणार नाही, आणि मला मात्र अजून ते बाजूला सारता येत नाही.

बाईंना आता 'बॉम्बे, ओ गटाचे रक्त देऊ नये' असे ठळक लिहिलेले कार्ड दिले आहे, आणि भावाचे नाव दात्यांच्या यादीत आहे. एक बहीण राहिली आहे. ती दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली, पाच महिन्यांची गरोदर, आणि तिच्याकडच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिले आहे. तपासणीला पाठवण्याविषयी मी तिच्या सासरी फोन केला, तेव्हा गट आधीच काढलेला आहे, पुन्हा कशाला, असे उत्तर मिळाले. भावाने स्वतः जाऊन तिला आणण्याचे कबूल केले आहे. न जमल्यास तिच्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रातून नमुना मागवण्यासाठी आमच्या अधिकाऱ्यांचे पत्र तयार आहे आणि येत्या सोमवारी ते टपालात पडेल.